सातचा पाढा, एकटीने

श्रीरामपूरच्या आमच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत माझी धाकटी बहीण आता संगणकावर चित्रं रंगवते. दोघींत एक मशीन, हातात माऊस. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी नववीत होते तेव्हा माऊस आम्ही पुस्तकातल्या आकृतीतच पाहिला होता. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची. चपला दाराबाहेर काढायच्या, हात पुसायचे आणि एका मशीनपुढे तिघींनी बसायचं.

मधली खुर्ची कीबोर्डसमोरची. माझ्या मैत्रिणीने ती पहिल्याच दिवशी धरली आणि वर्षभर सोडली नाही. तिसरी मुलगी वहीत उतरवून घ्यायची. मी कडेला बसून प्रोग्रॅम सांगायचे, कारण तो मला पाठ असायचा.

"तू बोल, मी मारते," मैत्रीण म्हणायची. "तू एकेक अक्षर शोधत बसलीस तर तास संपेल."

एकदाच मी विचारलं होतं, "मी बघू का?"

"थांब ना, एवढं होऊ दे." तेवढ्यात घंटा झाली. पुन्हा विचारणं मला जमलं नाही.

फेब्रुवारीत सरांनी सांगितलं की प्रॅक्टिकल एकेकट्याचं होईल आणि प्रोग्रॅम चालला नाही तर शून्य. लेखी परीक्षेत मला पैकीच्या पैकी होते. असे गुण मिळवणाऱ्या मुलीने वर्षभर कीबोर्डला हात लावलेला नाही, हे आता उघडं पडणार होतं. मला शून्यापेक्षा त्याची धास्ती जास्त होती.

घरी म्हटलं, टायपिंग शिकते. कीबोर्डसारखं दिसणारं गावात दुसरं काही मला ठाऊक नव्हतं. स्टेशनजवळच्या टायपिंग क्लासातली मशीन लोखंडी आणि जड होती. शिकवणाऱ्या बाईंचा आवाज त्या खडखडाटावरही ऐकू यायचा.

"बोटांकडं काय बघती? कागदाकडं बघ."

"बाई, एकचा आकडा कुठंय?"

"ह्यात एक नस्तो. बारका एल मार, तसाच दिसतो. समदे तसंच शिकल्यात."

पंधरा दिवसांत बोटं न बघता चालायला लागली.

प्रॅक्टिकलला सर शेजारी खुर्ची घेऊन बसले. माझ्यानंतरचा नंबर मैत्रिणीचा होता. ती अनवाणी दारात उभी होती. मला सातचा पाढा छापायचा प्रोग्रॅम आला. सोपा होता, दहा, वीस, तीस अशा नंबरांच्या तीनच ओळी. मी पहिली ओळ मारली, एंटर दाबलं. पडद्यावर उमटलं, सिंटॅक्स एरर, म्हणजे ओळ लिहिण्यात चूक.

पुन्हा मारली. पुन्हा तेच. वीस नंबरची ओळ मशीनने घेतली, तीसची घेतली, फक्त दहाची घेत नव्हतं. वहीतलं ते पान मला डोळ्यांसमोर दिसत होतं आणि त्यात काही चूक नव्हती. सरांनी घड्याळ पाहिलं.

"तीन मिनिटं."

मी चौथ्यांदा मारली. सर पडद्याजवळ वाकले, मग माझ्या हातांकडे पाहत राहिले.

"टायपिंगला जातेस का?"

"हो, सर."

"ह्या कीबोर्डवर एक आहे. शोध."

तो दोनच्या डावीकडे होता. टायपिंगच्या मशीनवर ती ओळ दोनपासूनच सुरू व्हायची, म्हणून माझं बोट कधी तिकडे गेलंच नव्हतं, सवयीने एकच्या जागी एलच मारत होतं. ओळ मशीनने घेतली. मग सात, चौदा, एकवीस करत सत्तरपर्यंतचे आकडे एकाखाली एक आले.

सरांनी पेन उघडलं, पण गुण लिहिले नाहीत.

"वर्षभर इथे बसलीस आणि एक कुठे असतो ते माहीत नाही? कीबोर्डवर कोण असायचं?"

'आळीपाळीने, सर,' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढं म्हटलं असतं तर ते पुढच्या नंबरकडे वळले असते.

"मी नसायचे, सर."

"मग कोण?"

मी तिचं नाव घेतलं. दाराकडे पाहिलं नाही. सरांनी गुण लिहिले आणि मोठ्याने म्हणाले, "पुढची."

मी बाहेर येऊन चपला घातल्या, पण तिथून हलले नाही. पाच मिनिटांत तिचंही झालं. ती खाली बसून सँडलचा पट्टा लावू लागली.

"आधी मला सांगायचंस ना."

"तू खुर्चीवरून उठली असतीस?"

तिने दुसरा पट्टाही लावला.

"नसते उठले," ती म्हणाली, आणि माझ्यासाठी न थांबता सायकल काढून गेली.