अजून उघडत नाही

खंडेनवमीला आमच्याकडे घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा होते. मिक्सर, शिलाई मशीन, माझी मोटारसायकल, आणि गेली काही वर्षं इंटरनेटचा राउटरही. त्याला हळदकुंकू लागतं, वर झेंडूचं फूल बसतं. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, आणि औरादमधल्या आमच्या गल्लीत कुणाचंही नेट बिघडलं की मलाच बोलावणं येतं. पूजेच्या बाबतीत मात्र मला कोणी विचारत नाही.

त्या वर्षी नवमीच्या संध्याकाळी राउटरच्या सगळ्या सेटिंग पुसल्या गेल्या. मी विजेच्या चढउताराला चार शिव्या घातल्या, वायफायचं नाव आणि पासवर्ड परत टाकला, नेट सुरू झालं आणि मी विसरून गेलो.

दोन दिवसांनी बायकोचा रिपोर्ट यायचा होता. तिच्या काखेत गाठ आली होती. उदगीरला त्या गाठीचा तुकडा काढून तपासायला दिला होता. अकराच्या सुमारास माझ्या फोनवर मेसेज आला की रिपोर्ट तयार आहे, वेबसाइटवर हा नंबर टाकून बघा. मी कॉम्प्युटरवर पत्ता टाकला. वेबसाइट सापडत नाही, असं आलं.

मला काही वाटलं नाही. पंधरा दिवस मला काहीच वाटत नव्हतं. शाळेत जात होतो, हजेरी घेत होतो, जेवत होतो, आणि ताटात काय होतं ते हात धुतल्यावर सांगता आलं नसतं. लोकांना वाटायचं माणूस धीराचा आहे. धीरबीर काही नव्हता, आतून सगळं बधिर झालं होतं.

बायको समोर सुपात ज्वारी घेऊन बसली होती. "कामून उघडंना?" तिनं विचारलं.

"बघतो," मी म्हणालो.

केबलवाल्याला फोन लावला. "अण्णा, नेट न्हाई."

"सर, लाइट हिरवा हाय न्हवं? मग नेट चालूच हाय. डबा बंद करून चालू करा."

मी डबा बंद करून चालू केला. दुसरी वेबसाइट टाकली, तिसरी टाकली. एकही सापडेना. पण तेवढ्यात बायकोच्या बहिणीचा व्हिडिओ कॉल वायफायवरच आला आणि चेहरा स्वच्छ दिसला. म्हणजे लाइन चांगली होती, अडत होतं ते नावापाशी. आपण वेबसाइटचं नाव टाकतो, पण यंत्राला लागतो आकड्यांचा पत्ता. बाजारात नवखा माणूस नाव सांगतो आणि कोपऱ्यावरचा दुकानदार बोट करून घर दाखवतो, तसं मध्ये कोणालातरी नावावरून पत्ता सांगावा लागतो. केबलवाल्याचा हा पत्ता सांगणारा आठवड्यातून दोनदा तरी झोपतो. म्हणून मी मागेच राउटरमध्ये दुसऱ्या, भरवशाच्या ठिकाणचे आकडे हातानं भरून ठेवले होते. नवमीला ते पुसले गेले आणि परत भरायचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही.

आकडे माझ्या वहीत होते. राउटरवर छापलेला लॉगिनचा पासवर्ड बघायला तो उलटा केला, तर मागच्या बारीक भोकात उदबत्तीची काडी मोडून अडकलेली. सगळं पुसून टाकायचं बटण त्या भोकात असतं.

"ही काडी तू खोचलीस?"

"व्हय. उदबत्तीला जागाच केलेली हाय म्हणलं. नीट उभी ऱ्हाईना म्हणून जरा दाबून धरले."

एरवी मी हसून हसून बेजार झालो असतो आणि गल्लीभर सांगितलं असतं. तेव्हा नुसतं "बरं" म्हणालो, चिमट्यानं काडी काढली आणि आकडे भरले. काम दहा मिनिटांचं. रिपोर्टची वेबसाइट टाकली. उघडली. नंबर टाकायचा चौकोन आला.

मी ती बंद केली.

"झालं का?" तिनं विचारलं.

"अजून उघडत नाही," मी म्हणालो.

मग मी नाही नाही ते उद्योग केले. वायर काढून परत लावली. राउटर कापडानं पुसला. केबलवाल्याला उगाच दुसरा फोन केला आणि त्याच्याकडून तेच ऐकून घेतलं. आमच्या घरात मोबाइलचं नेट येत नाही, पण गच्चीवर येतं. जिना चढून गेलो असतो तरी काम झालं असतं. हे मला पहिल्यापासून माहीत होतं. मी गेलो नाही. तासभर माझ्या बायकोला मी खोटं सांगत होतो, आणि त्याचीही मला लाज वाटत नव्हती.

ज्वारी निवडून झाली. तिनं सूप भिंतीला लावलं, पदराला हात पुसले आणि स्टूल ओढून माझ्याजवळ बसली. तिच्या हातात तिचा फोन होता. त्यावर कुठल्याशा वेबसाइटवरची लोणच्याची कृती उघडी होती.

"माझ्या फोनवर समदं उघडायलंय," ती म्हणाली. "मघापासून."

मी हातातलं कापड खाली ठेवलं.

"म्हणलं, बसू द्यावं तुम्हाला जरा. तुमची तयारी झाली की उघडताल."

मी वेबसाइट उघडली. नंबर टाकताना दोनदा चुकला, तिसऱ्यांदा तिनं माझा फोन धरून एकेक आकडा वाचून दाखवला. रिपोर्टमधलं इंग्रजी तिला समजत नव्हतं. मला समजलं. जे नको होतं तेच होतं.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी सांगायला तोंड उघडलं, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा रडू आलं, सगळ्या घराला ऐकू जाईल असं. ती उठली नाही. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "असू द्या. कळलं मला."