वाका म्हटलं की वाकायचं

गवतातून चालून घरी आलं की पँटच्या पायांना कुसळं चिकटलेली असतात. चालताना कळत नाही, पण ओट्यावर बसून एकेक उपटायला लागलं की मूठभर निघतात. आमच्या रविवारच्या फिरण्याचे किस्से असेच साठलेत.

नव्वदच्या अलीकडची-पलीकडची वर्षं. रविवारी सकाळी अख्खं जळगाव टीव्हीसमोर बसायचं आणि आम्ही चौघं गिरणेच्या पुलाजवळ सायकली लावून काठच्या झाडीत शिरायचो. सर्वांत पुढे नाना, भूगोलाचे रिटायर्ड मास्तर. त्यांच्यामागे घड्याळं दुरुस्त करणारे सलीमभाई, मग तहसीलमधले सोनवणे आणि शेवटी पोस्टातला मी. पायवाटेने जुन्या पंपघरापर्यंत जायचं, डबा खायचा आणि परतायचं.

नानांचा एक नियम होता. पुढच्याने "दगड", "खड्डा", "वाका" असं ओरडायचं आणि मागच्या प्रत्येकाने पोच द्यायची, "पाहिला", "वाकलो". एकदा नाना "खड्डा!" म्हणाले. सलीमभाई गप्पांत रंगलेले. त्यांनी मागे वळून आम्हाला "खड्डा" म्हणून बजावलं आणि स्वतः त्यात उतरले. आम्ही धावलो, तर खालून आवाज आला, "मी सांगितलं होतं ना?"

*

त्या झाडीत शेळ्या चारणारी एक अक्का भेटायची. एका थंडीत आम्ही काड्या पेटवून वांगी भाजत होतो. भरताचा बेत होता. अक्का जवळ येऊन म्हणाली, "दर ऐतवारले काय धुंडतंस रे भो? काही हारपनं शे का तुमनं?"

सलीमभाई म्हणाले, "भूक धुंडतो, अक्का."

"भूक? ती तं आमना घर बठ्ठासले शे. ली जा."

तिच्या घरी सगळ्यांनाच भूक होती, हवी तर घेऊन जा म्हणत होती. त्या दिवशी अर्धं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या दोन भाकरी अक्काकडे गेल्या. आम्ही राहिलेलं खाल्लं.

*

पुढे नानांची सायकल पंक्चर झाली. ती चार महिने पंक्चरच राहिली. नाना सोनवण्यांच्या स्कूटरवर मागे बसून यायला लागले.

एकदा त्यांनी काठी उचलून दाखवलं, "तो पाहा खंड्या. निळा रंग पाहा."

बाभळीला निळ्या प्लास्टिकची चिंधी अडकली होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सलीमभाई म्हणाले, "वा नाना, काय रंग आहे!" डोळ्याला भिंग लावून केसाएवढे स्क्रू उचलणारा हा माणूस. त्याला ती चिंधी दिसली नसेल, असं होणं शक्यच नव्हतं.

त्याच आठवड्यात काकूंनी, म्हणजे नानांच्या पत्नीने, मला पोस्टात गाठलं. "धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांचं आता काही होणार नाही. रविवार बंद करा म्हटलं, तर दोन दिवस जेवले नाहीत. त्यांना पुढेच चालू द्या. आणि मी सांगितलं असं म्हणू नका." मी हो म्हटलं. घरी गेल्यावर मात्र मला रडू आलं.

*

मग आम्ही दर शनिवारी संध्याकाळी जाऊन वाट साफ करायला लागलो. एकदा वळणावरचा मोठा दगड तिघांनी मिळून ढकलून दिला. फार हुशारी केली असं वाटलं.

रविवारी नाना त्या वळणावर थांबले. काठीने इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं. ते पावलं मोजून चालतात आणि तो दगड त्यांची खूण आहे, हे तेव्हा आमच्या ध्यानात आलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

पुढच्या शनिवारी आम्ही तोच दगड घामाघूम होऊन परत आणला. सोनवणे म्हणाले, "सरकारी खात्यात इतकी वर्षं काढली, पण चांगला रस्ता हाताने बिघडवायची ही पहिलीच वेळ."

रविवारी नाना म्हणाले, "दगड!"

"पाहिला," आम्ही तिघांनी पोच दिली.

*

दगड परत आणता येतो. पंपघराच्या अलीकडे एक बाभळीची फांदी वाटेवर आडवी आली होती. एका रविवारी पाहतो तर ती तोडलेली. नाना पुढे होते. नेहमीच्या जागी त्यांनी "वाका!" म्हटलं आणि ते वाकले. सलीमभाई वाकले, सोनवणे वाकले, मी वाकलो. तिघांनीही "वाकलो" म्हटलं.

बाजूला शेळ्यांपाशी अक्का उभी होती. "ती फांटी तं मी कालदिन तोडी टाकी. वाकतंस कसाले?"

नाना उभे राहिले. हात वर करून त्यांनी हवेत फिरवला. मग मागे न वळता विचारलं, "तो दगडसुद्धा तुम्हीच परत ठेवलात ना?"

येताना वाटेत नानांनी एकही हाक दिली नाही. सोनवण्यांनी मागे राहून अक्काला सगळं सांगितलं. हा आपला शेवटचा रविवार, असं मी धरूनच चाललो होतो.

पुढच्या रविवारी सोनवणे स्कूटर घेऊन गेले, तर नाना काठी घेऊन फाटकात उभे. झाडीत शिरताना आम्ही मुद्दाम रेंगाळलो, पण ते पुढे झाले. पंपघराच्या अलीकडे थांबले. तिथे आता डोक्यावर स्वच्छ ऊन पडत होतं.

"वाका!" नाना म्हणाले आणि स्वतः आधी वाकले.

"वाकलो." "वाकलो." "वाकलो."

माझ्यामागून अक्का येत होती, डोक्यावर पाल्याचा भारा घेऊन. तिने भारा दोन्ही हातांनी धरला आणि ती गुडघ्यात वाकली.

"मी बी, नाना."