शिराइशींकडचा 'मू' संपला

कानावर ब्रश. गालात खारवलेल्या उमे फळाची बी, दिवसभर. पाटी पुरी झाली की तिला वाकून नमस्कार. बाकीची अक्षरं बसून रंगवायची. 'मू' मात्र उभं राहून, श्वास रोखून.

असे आमचे शिराइशी यासुझो. वय एकाहत्तर. जपानातल्या ताकेहाराच्या बाजारगल्लीत पाट्या रंगवतात. मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहतो.

'मू' हे एकच अक्षर, पण तो अख्खा शब्द: काहीच नसणं. शब्दाआधी बसला की आपल्या 'बिन'सारखा पुढच्याला पुसून टाकतो. बिनपैशांचं पार्किंग. बिनमाणसाचं भाजीदुकान. बाकी पाट्या हल्ली यंत्रावर छापतात, पण 'मू' लोकांना शिराइशींच्याच हातचा लागतो.

"'काहीच नाही'वर माझं पोट भरतं," ते हसत म्हणायचे. "तू साहित्य शिकलास. तुझं तर त्यावरही भरत नाही!"

शेजारी मित्सुएबाईंचं तोफूचं दुकान. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच चालवतात. दारावर चार जपानी अक्षरांची पाटी: 'वर्षभर बिनसुट्टी'. शिराइशींना त्यांच्यासोबत समुद्रापलीकडे बेप्पूच्या गरम पाण्याच्या कुंडांवर जायचं होतं. विचारलं की बाई पाटीकडे बोट दाखवायच्या.

यंदा ती पाटी विटली. बाईंनी ती रंगवायला शिराइशींकडेच दिली. आपल्या हाताने आपलंच दार लावून घ्यायचं! पाटी बरेच दिवस तशीच पडून राहिली. मग एका दुपारी त्यांनी पाटी टांगली. तीन अक्षरं झळझळीत. 'मू'च्या जागी नुसता खडूने आखलेला चौकोन.

"अहो शिराइशी-सान, 'मू' कुठाय?"

"संपला."

"रंग?"

"नाही हो, 'मू'च. साठा संपला."

"म्हणजे माझं दुकान 'वर्षभर सुट्टी'? गल्ली हसेल मला!"

"हसू दे. तेवढ्यात आपण बेप्पूला जाऊन येऊ. आल्यावर रंगवतो."

बाईंनी दार धाडकन सरकवलं.

संध्याकाळी शिराइशींनी जेवणाला हात लावला नाही. "थट्टा अंगाशी आली रे," एवढंच म्हणाले.

सकाळी शेजारून सोयाबीन शिजल्याची रोजची वाफ आली नाही. बाई आमच्या दारात उभ्या. डोक्यावर टोपी, हातात बॅग.

"काल सोयाबीन भिजतच घातले नाहीत मी. आता बघत काय बसलात? बोट चुकेल!"

शिराइशी रंगाने माखलेल्या कपड्यांतच निघाले.

दोन दिवसांत येतो म्हणाले होते. आठवडा होत आला. फोन केला की मागून बाईंचं हसू ऐकू येतं. त्या सकाळच्या आश्चर्यातून मी अजून सावरलेलो नाही. गिऱ्हाइकं येतात, पाटी मोठ्याने वाचतात, हसत परत जातात. खडूचा चौकोन रिकामाच आहे.