आप्पांनी अडवलेली सही

आमच्या न्हावरे गावात आप्पांच्या संमतीशिवाय कुणाला धड आजारीसुद्धा पडता येत नाही. आप्पा म्हणजे आमचे बांधाला बांध लागलेले शेजारी. गावातलं कुणी दवाखान्यात गेलं की हे डाळिंबांची पिशवी घेऊन हजर. मग दारावरच्या वॉचमनशी भांडण: "भावकीला कसला पास मागतो रं?" सलाईन हळू पडतं म्हणून नर्सवर राग, कॅन्टीनचा चहा पाणचट म्हणून डॉक्टरांवर. आणि एक ठाम मत: "नळी घातली म्हंजी माणूस गेलेला असतो. मशीन नुसतं छाती हलवतं." या वाक्यावर विसंबून किती घरांनी आपली माणसं उपचार अर्धवट सोडून परत आणली असतील, या विचाराने आजही माझं डोकं तापतं.

मागच्या वर्षी उसाला पाणी देताना वडिलांच्या छातीत कळ आली. पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या दवाखान्यात तातडीने अँजिओप्लास्टी झाली. बंद नस उघडली, पण फुप्फुसांत पाणी भरलेलं; मास्क लावूनही श्वास पुरेना. डॉक्टर म्हणाले, "व्हेंटिलेटर लावावा लागेल. खात्री देत नाही, पण श्वासाचे कष्ट कमी झाले तर हृदयाला सावरायला वेळ मिळेल. लवकर सही करा."

मी पेन काढेपर्यंत शेजारी उभ्या आप्पांनी तो संमतीचा कागद उचलून बंडीच्या खिशात घातला!

"घरी न्या त्याला. वहिनीला जित्तं तोंड तरी बघू द्या."

याच माणसाने बारावीनंतर मला मोटारसायकलवर बसवून शिरूरच्या कॉलेजात नेलं होतं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी त्यांच्यामुळे झालो. आणि आता मी वाचून समजून घेतलेला कागद हेच दाबून बसले होते!

"आप्पा, शिकायला तुम्हीच घातलंत ना? मग ऐका माझं. द्या कागद!" जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडलो.

चुरगळलेला कागद बाहेर आला. "कर सही. पर काय झालं तर माझ्या दारात येऊ नगंस."

तीन दिवस मशीन चाललं. आप्पा बाकड्यावरून हलले नाहीत. चौथ्या दिवशी नळी निघाली, तसे आत जाऊन वडिलांवर खेकसले, "कांदा काढायला आलाय, आन् तू हितं लोळतोय व्हय?"

बाहेर येऊन ते जिन्यात बसले. म्हणाले, "आमच्या थोरल्या भावाला मीच मशीन लावू दिलं न्हवतं. घरी नेताना जीपमधी, चौफुल्यापाशी गेला. लावलं असतं तर जगला असता का रं?"

"सांगता येत नाही, आप्पा." ते खरंच होतं.

मला वाटलं, आता भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं.