सदूचं वाढलेलं आयुष्य

कर्जत तालुक्यात कडावच्या आसपास साठी उलटलेला कुठलाही माणूस गाठा आणि त्याला वाढदिवस विचारा. एक जून म्हणून सांगेल. त्याच्या आईला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, भाताची आवणी चालू होती, किंवा थोरली म्हैस व्याली त्याच्या दुसऱ्या दिवशी. पण शाळेत नाव घालताना तारीख लागायची आणि गुरुजींकडे तारीख एकच होती. त्यामुळे अख्खी पिढी एकाच दिवशी जन्माला आली. सदूही त्यातलाच. पासष्ट वर्षं या एक जूनने त्याला काही त्रास दिला नाही. गेल्या वर्षी मात्र त्याच तारखेने त्याला मारलं.

सदूचा संसार सांगायचा तर दोन एकर भात, तीन म्हशी आणि सकाळ-संध्याकाळ दुधाची किटली घेऊन डेअरीवरची फेरी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा खोपोलीला कारखान्यात पाळीवर जातो. घरात सून सुप्रिया आणि नातू रुद्र. आणि एक फोन, जो मुलाने हौसेने बापाला घेऊन दिला होता.

या फोनचं आणि सदूचं पहिल्या दिवसापासून पटलं नाही. अंगठा लावला की तो उघडतो, असं दुकानदार म्हणाला होता. पण पन्नास वर्षं विळ्या-कुदळीने घासलेला अंगठा त्या फोनला अंगठा वाटेचना. शेवटी आकडे घालून उघडायची सोय केली, ते आकडे रुद्रच्या ध्यानात राहिले, सदूच्या राहिले नाहीत. तेव्हापासून रिचार्ज आजोबांचा आणि गाड्यांच्या शर्यती नातवाच्या, अशी वाटणी झाली. त्यात कुणाचं काही बिघडेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

सदूला एक थोरली बहीण, सोनुबाई. चौककडे दिलेली. आई लवकर गेली तेव्हा सदू तीन वर्षांचा होता आणि सोनुबाई दहाची. तिने त्याला कडेवर वागवला, भरवला, मारलासुद्धा. तो तिला बाय म्हणे. तिच्या लेकीच्या लग्नात मामा म्हणून उभं राहायचं, हे सदूने ती लेक पाळण्यात असल्यापासून ठरवून ठेवलं होतं.

ते लग्न निघालं दोन हजार एकवीसच्या मे महिन्यात, टाळेबंदीत. पंचवीस माणसांत उरकायचं, आणि गावाबाहेर पाय टाकायचा नाही. एरवी सोनुबाई स्वतः अक्षता घेऊन भावाच्या दारात आली असती. ते जमेना म्हणून तिच्या लेकाने, ऋतिकने, पत्रिका फोनवर धाडली. चांगली सनई वाजणारी, फुलं पडणारी पत्रिका होती, आणि खाली मामाच्या जागी सदूचं नाव. ती सदूच्या फोनवर आली तेव्हा रुद्रची गाडी शर्यतीत तिसऱ्या नंबरावर होती. मध्येच आलेली सनई चुकून उघडली, ती त्याने तशीच मिटली आणि गाडी पुढे काढली. तिकडे चौकला ऋतिकच्या फोनवर दोन निळ्या खुणा उमटल्या. मामाने पत्रिका बघितली, असं त्या घराने धरलं.

पत्रिका बघून भाऊ साधं "येतो" असंसुद्धा म्हणत नाही, म्हणून बहीण रुसली. तिने एकदा फोन लावला, तो लागला नाही, तिने परत लावला नाही. लग्न झाल्याचं सदूला कळलं तिसऱ्या दिवशी, डेअरीवर, दुसऱ्याच्या फोनमधले फोटो बघून. मामा म्हणून शेजारचा कुणी उभा राहिला, असंही त्याच माणसाने सांगितलं. सदू पेटला. बंदी उठल्यावर तो तरातरा चौकला गेला तेव्हा सोनुबाई दारातच उभी राहिली.

"मला बोलावला का नाय, बाय?"

"बोलावला. तू बघितलंस नि गप बसलास. निळी खूण हाय ऋतिकच्या फोनात."

"मी काय बगितला नाय. देवाशप्पत."

"मग फोन खोटं बोलतो?"

"मग मी बोलतो?"

यावर सोनुबाईने दार लावून घेतलं. सख्ख्या भावाची शपथ एका बाजूला आणि नखाएवढ्या दोन निळ्या रेघा दुसऱ्या बाजूला, आणि पारडं रेघांचं जड. रुद्रने खेळता खेळता काय केलं हे पुढे सुप्रियाच्या लक्षात आलं, तिने तसं कळवलंही. पण आता पोराच्या डोक्यावर खापर फोडतायत, एवढाच त्याचा अर्थ चौकला निघाला. त्यानंतर चार वर्षं बहीण-भाऊ बोलले नाहीत.

आता एक जूनकडे येऊ. भिसेगावात एका खोलीतून नवीन नावाचा मुलगा फोनवरची बातमीवाहिनी चालवतो. घाटपायथा न्यूज. पाणी कुठे आलं नाही, बिबट्या कुठे दिसला म्हणतात, पुढाऱ्याने कुठे नारळ फोडला, या बातम्या. पण खरा खप दोन चौकटींचा. एक फुग्यांची, वाढदिवसाची. दुसरी समईची, भावपूर्ण श्रद्धांजलीची. सुप्रियाने सासऱ्याचा टोपीतला फोटो हौसेने पाठवून दिला होता. एक जूनला तालुक्यातले सगळे म्हातारे एकदम जन्मलेले, नवीनच्या फोनवर चाळीसेक फोटो येऊन पडले, आणि त्या लगबगीत सदू समईखाली गेला. त्याच वेळी कशेळ्याकडचे एक गृहस्थ, जे पहाटे खरोखर वारले होते, ते फुग्यांमध्ये केकच्या बाजूला हसत होते.

सदू सकाळीच शेतावर बांध घालायला गेला होता. फोन घरात. सुप्रिया रुद्रची वह्या-पुस्तकं आणायला कर्जतला गेलेली, तिचा फोन पर्समध्ये मुका. दाराला कुलूप आणि आत फोन वाजतोय, हे शेजारच्या अंबाबाईने ऐकलं आणि तिने निदान केलं की मयत कर्जतला दवाखान्यात असणार. फोनवर आलं ते कुणी ताडून बघायच्या भानगडीत पडलं नाही. माणसं अंगणात जमली.

आपल्याकडे लग्नाला नाही गेलं तरी चालतं, मयताला मात्र जावं लागतं. मरणापाशी वैर चालत नाही. समईखालचा सदू चौकलाही पोचला होता. अकराच्या सुमाराला रिक्षा येऊन थांबली आणि सोनुबाई अंगणाच्या तोंडाशीच खाली बसली आणि हेल काढून रडू लागली.

नेमका त्याच वेळी सदू मागच्या बाजूने, गोठ्यातून, घरी येत होता. खांद्यावर फावडं, अंगाला माती. आपलं नाव कानावर आलं म्हणून तो गोठ्याच्या कुडामागे थांबला.

"सद्या रं माज्या, तुला कडेवर घेऊन बांधावर बसली रं मी. माज्या तोंडचा घास तुला दिला. मीच तोंड फिरवलं रं भावा, माजंच चुकलं. निळ्या खुनंवर इस्वास ठेवला नि तुज्यावर नाय ठेवला. तुजी जागा दुसऱ्या कुनाला दिली नाय रं. पाटावर नारळ ठेवला, त्याच्यावर टोपी घातली, नि लेकीला सांगितलं, ह्यो तुजा मामा."

नारळाचं सदूला ठाऊक नव्हतं. चार वर्षं तो त्या न बघितलेल्या शेजाऱ्यावर जळत होता, आणि तिथे होता नारळ, टोपी घातलेला. त्याचे पाय जागच्या जागी राहिले. खरं तर त्याने तेव्हाच बाहेर यायला हवं होतं. हे त्यालाही कळतं, आणि तेव्हाही कळत होतं. पण या बाईने जन्मात कधी त्याच्यासमोर असं काही म्हटलं नव्हतं, आणि तो समोर आला असता तर ती पुढेही म्हणाली नसती. अजून थोडं ऐकू, असं त्याला वाटलं. लोभ सुटला, दुसरं काय. एक बिडी ओढून संपेल इतका वेळ तो कुडामागे उभा राहून आपलं मरण ऐकत होता, आणि इतका सुखात तो आयुष्यात कधी नव्हता.

"येकदा हाक मार रं सद्या. चालत यीन मी," सोनुबाई म्हणाली.

"बाय, मी हाय गं," असं म्हणत सदू बाहेर आला.

अंबाबाईने किंकाळी फोडली. दोघेतिघे मागे सरले. सोनुबाई मात्र एकटक बघत राहिली. तिचा हात त्याच्याकडे गेला, हे सगळ्यांनी पाहिलं. तो त्याच्या चेहऱ्यापर्यंत पोचणार, इतक्यात अंबाबाईचा जीव भांड्यात पडला आणि तिने तोंड उघडलं.

"मेल्या, कवाधरनं उभा हायस तू थितं? मला टोपी दिसत व्हती, मला वाटलं, म्हशीवाला हाय कुनी."

सोनुबाईचा हात खाली आला.

"उभा राहून ऐकत व्हतास?"

सदूला खोटं बोलता आलं असतं. पण खोटं बोलायची सवय नसली की ऐनवेळी ते सुचत नाही. त्याने खांद्यावरचं फावडं खाली ठेवलं.

"मेल्याचं सांगून बोलावलास मला. माज्या तोंडून वदवून घ्यायला."

"नाय गं बाय. मला ठावंच नवतं."

"त्या वक्ताला पन ठावं नवतं तुला." एवढं बोलून ती उठली, पदर खोचला आणि रिक्षात जाऊन बसली.

इथवर निभावलं असतं. रागाला औषध वेळ असते, असं म्हणतात. पण अंगणातल्या एकाने सगळं फोनवर उतरवून घेतलं होतं. ते संध्याकाळपर्यंत कर्जतभर आणि दोन दिवसांत कुठच्या कुठे गेलं. कुणीतरी त्याखाली खो खो हसण्याचा आवाज घातला. कुणी सदू बाहेर येतो तिथे ढोल वाजवला. कुडामागच्या टोपीभोवती लाल गोल काढला, म्हणजे म्हातारा पहिल्यापासून ऐकत होता हे आंधळ्यालाही दिसावं. पहिल्या वेळी फोन खोटं बोलला होता. या वेळी खरं बोलला, आणि दोन्ही वेळा बुडाला तो सदूच. एका मोठ्या वाहिनीची मुलगी माइक घेऊन थेट गोठ्यात आली आणि विचारती झाली, "काका, मेल्यावर कसं वाटलं?" अंबाबाईने तिला चहा दिला आणि सांगितलं की खोट्या मरणाने माणसाचं आयुष्य दहा वर्षांनी वाढतं. तेही दाखवलं.

चौकला सोनुबाईला पाण्याला जाणं मुश्किल झालं. पोरं तिच्यामागे तिचाच हेल काढायची. बहात्तर वर्षांची बाई, आईच्या मायेने रडली, आणि जगाने ते दात काढायला वापरलं. अखेर ऋतिकचा फोन आला.

"मामा, आई म्हणते, तो व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलमधून काढा. मग तुमच्या उंबऱ्याला पाय लावीन."

सदूने हे शब्दशः घेतलं. तो आधी भिसेगावला गेला. नवीनने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, हात जोडून माफी मागितली. श्रद्धांजली त्याने कधीच उडवली होती, "सदूभाऊ सुखरूप आहेत" असंही टाकलं होतं. त्या बातमीला अकरा जणांनी अंगठा दाखवला होता.

"पण व्हिडिओ आमचा नाय ना, काका. तो आता कुनाचाच नाय."

मग सदू दारोदार फिरला. डेअरीवर, पारावर, रिक्षास्टँडवर. प्रत्येकाला म्हणायचा, "फोन उघड, माज्यासमोर काढून टाक." माणसं वाईट नव्हती. बहुतेकांनी त्याच्यादेखत काढून टाकला, काहींनी पाठीवर हात ठेवला. सदू घरी येऊन सुप्रियाला सांगायचा, आज बावीस झाले, आज चाळीस झाले. सुप्रियाला त्याला सांगवेना की पलीकडच्या बाजूने तो लाखाने वाढतोय. पंधराव्या दिवशी कुणीतरी त्याचाच व्हिडिओ काढला, फोन तपासत फिरणाऱ्या म्हाताऱ्याचा. तो बघितल्यावर सदूने फिरणं सोडलं. परत कधी त्याने चौकचं नाव काढलं नाही.

आताशा दुपारी जेवण झालं की तो गोठ्यात जाऊन बसतो. उघडायचे आकडे त्याने रुद्रकडून घोकून पाठ केले आहेत. फोनमध्ये एकच गोष्ट ठेवलेली आहे आणि ती लावायला त्याला सुप्रियाने शिकवलं. त्यावरचं हसणं काढता येईना, म्हणून तो फोन कानाला घट्ट लावतो आणि हसण्याखालून शब्द वेचत राहतो. कडेवर घेऊन बांधावर बसली. पाटावर नारळ ठेवला. ह्यो तुजा मामा. सगळ्या फोनांमधून जे निघावं म्हणून तो वणवण फिरला, ते त्याच्या एकट्याच्या फोनमध्ये मात्र तो जपून ठेवतो. याची त्याला लाज वाटते, पण काढून टाकायचा धीर होत नाही.

अंबाबाईचं खरं मानलं तर अजून दहा वर्षं हे असंच चालायचं. म्हशींना पेंढा टाकून तो परत पहिल्यापासून लावतो. "चालत यीन मी" हे शब्द आले की त्याचा तो झिजलेला अंगठा बरोबर जागेवर पडतो आणि आवाज थांबतो. व्हिडिओत त्यापुढे तो स्वतः कुडामागून बाहेर येतो. तेवढं तो कधी येऊ देत नाही.