दोरीची तालीम

पंख्यांच्या कारखान्यातल्या त्या सुपरवायझरला सगळे तडतड्या म्हणत, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. तडतडू नको तर काय करू? बिझनेस स्कूलची पोरं 'लीन', म्हणजे काही वाया न घालवता कारखाना चालवायची पद्धत, शिकायला येणार म्हटलं की साहेबांच्या अंगात यायचं. जमिनीवरचे पिवळे पट्टे पुन्हा रंगवा, भंगार मागच्या संडासात कोंबा, आणि मग प्रोफेसरांना तोंड वर करून सांगा, आमच्याकडे फालतू काही साठतच नाही!

यंदा साहेबांना दोरीचा प्रयोग हवा होता. लाइनवर, सगळ्यांच्या हाताला येईल अशी एक दोरी होती. दोष दिसला की कुणीही ती ओढायची, लाइन थांबवायची, आणि ओढणाऱ्याला कुणी बोलायचं नाही, असा नियम. नियम भिंतीवर. खाली मात्र ओढणाऱ्याची खरडपट्टी निघे, आणि ती काढायचं काम तडतड्याचंच.

"दोरी ओढायचं काम तुझ्या वहिनींना दे," साहेब म्हणाले. "नीट जमलं तर कायम करून टाकू त्यांना."

थोरला भाऊ गेल्यावर वहिनींना त्यानेच इथे चिकटवलं होतं. तेव्हापासून त्या रोजंदारीवर स्क्रू पिळत होत्या. आज काम आहे, उद्याचं कुणी सांगावं, आणि घरी शाळेत जाणारी लेकरं. म्हणून तडतड्याने कसून तालीम घेतली. "मी कपाळ पुसलं की ओढायची. त्याआधी हात लावायचा नाही. मी विचारेन, काय झालं? तुम्ही म्हणायचं, जाळी ढिली आहे. बस्स."

पोरं आली. प्रोफेसर बोलायला लागले ते थांबेचनात. वहिनी सारख्या त्याच्याकडे बघत होत्या, मानेने खुणावत होत्या. काय घाई झालीय यांना! त्याने डोळे वटारले. शेवटी एकदाचं कपाळ पुसलं. दोरी ओढली गेली, लाइन थांबली.

"थँक यू! काय झालं?"

"स्क्रू आखूड आलेत. पातं धरतच नाहीत."

टाळ्या पडल्या. तडतड्याचं डोकंच फिरलं. एक वाक्य पाठ होत नाही? तो जवळ जाऊन दातओठ खात पुटपुटला, "जाळी म्हणायचं होतं ना?"

"जाळी घाला चुलीत! मघापासून असेच पंखे पुढे चाललेत, भावजी. कुणाच्या तोंडावर उडेल पातं."

"मग मघाशीच का नाही ओढलीत?"

"तुम्ही कपाळ कुठे पुसलंत?"

मागून साहेब हातवारे करत होते, चालू कर, चालू कर. तडतड्याने समोरच्या पंख्याचं पातं जरा ओढून पाहिलं. ते हातातच आलं. गेली वहिनींची नोकरी, असं मनाशी म्हणत त्याने लाइन बंदच ठेवली आणि पुढे गेलेली खोकी परत मागवली. पोरं धडाधड फोटो काढत सुटली.

दुसऱ्या दिवशी शिव्या खायच्या तयारीनेच तो साहेबांकडे गेला.

"काल तुझा गळाच धरणार होतो," साहेब म्हणाले. "पण प्रोफेसर भारावून गेलेत. पुढच्या वर्षीही हेच दाखवायचं. आखूड स्क्रू वेगळे काढून ठेव. वहिनींना कायम केलंय. आणि हो, एरवी असली थेरं नकोत. माल गेला पाहिजे."

वहिनींना सांगितलं, तर त्यांचे डोळे भरून आले. ते पुसत त्यांनी विचारलं, "म्हणजे आता काही दिसलं की लगेच ओढायची ना, भावजी?"

'हो' अगदी जिभेवर होतं.

"आधी मला विचारा," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःचाच इतका संताप आला की वहिनींकडे न बघताच तो चालता झाला.