पुसलेलं ताट

एस.टी.त बसल्यापासून जिजाबाईनं नवऱ्याला तिसऱ्यांदा बजावलं, "चिमनीच्या राखीचं नाव काढाचं नाई! भैय्याजीनं आपलं घर शहरात, गांधीबागेत हाय म्हनून सांगून ठेवलं हाय."

"हो नं वं! कितीक डाव सांगतं?" रुपराव वैतागले.

खरं घर होतं वीजकारखान्याच्या चिमणीखाली. पाच वर्षं चिमणी राख ओकत होती आणि जिजाबाई पुसत होती. पाट पूस, पाळणा पूस, देव पूस, की पुन्हा पाट! लेक शामलेची दोन स्थळं अंगणातूनच खोकत परतली होती. म्हणून या खेपेला मध्यस्थ भैय्याजीनं पोरगी स्वतःच्या घरी दाखवली. ती पसंत पडली, आणि आज मुलाकडचं जेवणाचं बोलावणं!

काटोलकडचं ते घर पाहून तर ती हरखलीच. चादर पांढरी म्हणजे पांढरी! निंबाची पानं हिरवीगार! "अगा बापाऽ" तिच्या तोंडून सुटलं. रुपराव सवयीनं बसण्याआधी बाज झटकायला गेले. तिनं असा चिमटा काढला की हात आपोआप मागं.

रिकामी ताटं मांडली. मुलाची आई कुसुमताई रसाचं पातेलं घेऊन आल्या. तेवढ्यात जिजाबाईनं ताट उचललं, फूऽऽ करून पदरानं खसाखसा पुसलं, आणि सवयीनं वाटीवर डावा तळवा धरला.

शेजारच्या पाटावर बसलेल्या भैय्याजीला ठसका.

"काहून वं बाई?" कुसुमताई मोहरीसारख्या तडतडल्या. "आमच्या घरी भांडे घासत नाई काय?"

जिजाबाईनं पदर पाहिला. काळी रेघच नाही! पाच वर्षांत पहिल्यांदा. तिचे डोळे भरले, आणि बजावलेलं सगळं ती स्वतःच विसरली.

"घासता बाई, लय चांगले घासता! गांधीबाग-बिंधीबाग खोटं हाय. आमी चिमनीखाली राहातो, राखीत; वाटी झाकूनच जेवतो. माही पोरगीबी अशीच पुसन, तिले बोलू नोका. काय बोलाचं थे मले बोला."

भैय्याजी आढं मोजू लागला.

कुसुमताईंनी त्या कोऱ्या पदराकडे पाहिलं, मग भैय्याजीकडे. "खोट्याचा दंड हाय गा भैय्याजी. तुले आज कुरडई नाई!"

रुपराव फस्सकन हसले, मग घाबरून थांबले.

"अन् तुमी तळवा काहून धरून राहिल्या, इहीनबाई? उचला. रस वाढू द्या."

जिजाबाईनं हात उचलला. आधी दोन बोटं. मग सगळा.